चीज तर आणलं, आता बाजूला काय ठेवू?

मागच्या अंकात मी सहज विचारलं होतं, तुमचं आवडतं चीज कुठलं आणि ते कशासोबत खाता-पिता. वाटलं पाच-दहा मेल येतील. इनबॉक्स भरला राव! पण गंमत अशी की आवडतं चीज सांगणारे थोडे आणि उलट मलाच प्रश्न टाकणारे जास्त, म्हणून यावेळी लेख नाही, नुसती प्रश्नोत्तरं. आणि हो, मी काही शेफ नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे सहा वर्षं नेदरलँडला होतो, तिथे चटक लागली, पुण्यात परत आल्यावरही सुटली नाही, एवढंच माझं भांडवल.

प्रश्न : मुलगा नेदरलँडमध्ये आइंडहोवनला असतो, दर वेळी येताना जुन्या गौडा चीजचा मोठा तुकडा आणतो. आमच्याकडे वाइन-बिअर कुणी घेत नाही. पोळीबरोबर खाऊन बघितलं, काही खास लागलं नाही. शिवाय आत पांढरे दाणे दिसतात, खराब तर झालं नसेल ना? — एक काकू, ठाणे

काकू, आधी दाण्यांची भीती काढून टाका. ते खराब झाल्याचं लक्षण नाही, चांगलं मुरल्याचं आहे. चीज महिनोन्महिने ठेवलं की त्यातली प्रथिनं हळूहळू तुटतात आणि टायरोसिन नावाचं एक अमिनो आम्ल सुटं होऊन त्याचे बारीक खडे धरतात, तेच दाताखाली कुरकुरतात. लोकांना वाटतं मीठ आहे, मीठ नाही ते. मी तर दुकानात तुकडा उजेडात धरून खडे दिसतायत का बघायचे आणि मगच घ्यायचे.

पोळीबरोबर का नाही लागलं तेही सांगते. डच लोक गौडा (ते स्वतः घशातून खरवडून 'खाउदा' म्हणतात, मला सहा वर्षांत नीट जमलं नाही) वयावरून ओळखतात. चार आठवड्यांचं ते योंग म्हणजे कोवळं, चार महिन्यांच्या आसपासचं बलेखन, दहा-बारा महिन्यांचं आउट म्हणजे जुनं, आणि वर्ष उलटून गेलेलं ते ओव्हरयारिख. कोवळं असतं मऊ, लोण्यासारखं, ते पोळीत गुंडाळून तव्यावर गरम केलं की मुलं दोन-दोन खातात. जुनं मात्र कोरडं, खारट, आणि मागून टॉफीसारखी खरपूस गोडसर चव येते, तुपाच्या बेरीच्या जवळची. आता पोळी मऊ आणि चीज तोंडात चिकटणारं, दोघांचा स्वभाव एकच, मग घास नुसता इकडून तिकडे फिरत राहतो. जुन्या चीजला बाजूला भांडणारं कुणीतरी लागतं. आंबट, तिखट, कुरकुरीत, काहीही चालेल पण नुसतं हो ला हो म्हणणारं नको.

डच लोक हे बरोबर ओळखून आहेत. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर त्यांचा बोरल असतो, म्हणजे जेवणाआधीचा गप्पा मारायचा कार्यक्रम, त्यात चीजचे चौकोनी तुकडे, शेजारी वाटीत झणझणीत मोहरी आणि हातात बिअर नाहीतर येनेव्हर, ही जुनिपरच्या फळांचा स्वाद दिलेली त्यांची दारू. दारू बाजूला ठेवा, मोहरी ठेवा. आपली कासुंदी (मोहरीची बंगाली चटणी) घरात असेल तर तीच घ्या, दुकानातल्या पिवळ्या मस्टर्डपेक्षा दहापट भारी. दुसरं, मोरावळा! आवळ्याची फोड नको, नुसता थोडासा पाक तुकड्यावर, वेलची-केशराचा वास आणि त्यामागून खारट चीज, मी हे एकदा सासूबाईंना खायला दिलं तर त्या म्हणाल्या माझ्या मोरावळ्याची वाट लावलीस, पण तिसरा तुकडा स्वतःहून उचलला. हिरव्या सफरचंदाची फोड, भाजलेले अक्रोड, ज्वारीच्या भाकरीचा कडक भाजलेला पापुद्रा, हे सगळं चालतं. प्यायला कोरा चहा, बिनदुधाचा. दुधाचा चहा नको कारण आधीच तोंडात दूधच आहे.

मुलाला सांगा पुढच्या वेळी जिऱ्याचं चीज आण, लायडनचं असतं, आणि फ्रिसलंडकडचं लवंग घातलेलं पण मिळतं. ती दोन्ही पोळीबरोबर चालतात, मसाला आतच असल्यामुळे भांडायला बाहेरचं कुणी लागत नाही. आणि त्याला गौडा गावाला एकदा जायला सांगा. नाव गावाचं असलं तरी ते पडलं बाजारामुळे, आजूबाजूचे शेतकरी तिथे चीज विकायला आणायचे. अजूनही उन्हाळ्यात गुरुवारी सकाळी बाजार भरतो, आता पर्यटकांसाठीच, पण एकमेकांच्या हातावर टाळ्या देत भाव ठरवायची पद्धत बघायला मजा येते, मला आपल्याकडचा रुमालाखाली बोटं धरून होणारा बैलबाजारातला सौदा आठवला होता.

प्रश्न : नाशिकचा आहे, त्यामुळे वाइनची कमी नाही. पण शिराझ या रेड वाइनबरोबर निळं चीज (ब्लू चीज, निळ्या बुरशीचं) खाल्लं तर तोंड कडू झालं, जणू चमचा चाटतोय. सगळीकडे तर रेड वाइन आणि चीज असंच लिहिलेलं असतं. माझं चुकलं का? — एक वाचक, नाशिक

तुमचं नाही चुकलं, ते लिहिणारे चुकलेत. रेड वाइन आणि चीज ही जोडी मला तरी फार चढवून ठेवलेली वाटते. रेडमध्ये टॅनिन असतं, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं, कच्चं जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ कशी आकसते तसं. त्यात निळ्या चीजचं मीठ आणि उग्रपणा मिसळला की धातूसारखा कडवटपणा वर येतो. रेड उघडायचीच असेल तर बाजूला मुरलेलं कडक चीज ठेवा, चेडर किंवा जुना गौडा, तिथे निभावतं.

निळ्याला गोड वाइन लागते. फ्रान्समध्ये रॉकफोर, म्हणजे मेंढीच्या दुधाचं, गुहेत मुरवलेलं, त्याच्याबरोबर सोतेर्न ही गोड वाइन घेतात आणि इंग्लंडमध्ये ख्रिसमसला स्टिल्टनबरोबर पोर्ट. (स्टिल्टनची एक मजा, ते कायद्याने फक्त डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच परगण्यांत बनवता येतं आणि स्टिल्टन गाव आहे केंब्रिजशरमध्ये, म्हणजे ज्या गावाचं नाव त्या गावालाच बंदी.) तुमच्या गावात याची सोय आहे, सुलाची लेट हार्व्हेस्ट शेनिन ब्लांक घ्या. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून साखर वाढू देतात, म्हणून ती गोड. छान गार करा, लहान ग्लासात घ्या आणि निळ्या चीजचा अगदी करंगळीच्या नखाएवढा तुकडा. पुरंदरचं ताजं अंजीर मिळालं तर विचारूच नका.

आणि नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांक या व्हाइट वाइनबरोबर शेळीच्या दुधाचं मऊ चीज खाऊन बघा, पुण्या-मुंबईत आता सहज मिळतं. ही जोडी फ्रान्सच्या लुआर नदीच्या खोऱ्यातली, तिथे शेळीचं चीज आणि सोव्हिन्यों एकाच भागात होतात. दोन्ही आंबट, आणि इथे मात्र माझा भांडणाचा नियम मोडतो, आंबटाला आंबट भेटतं आणि दोघंही शांत होतात. का ते विचारू नका, नियम माझाच आहे आणि तो मोडका आहे.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. नातीने पास्त्यावर पार्मेजान किसून घातलं, मग तिच्या मैत्रिणीने सांगितलं ते व्हेज नसतं. खरं आहे का? मग चीज खायचंच नाही का? — एक आजी, सांगली

आजी, मैत्रिणीचं खरं आहे. दूध फाडून चीज करायला रेनेट लागतं. परंपरेने ते दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात, म्हणजे वासरू मारल्यावरच मिळतं. इटलीतलं खरं पार्मिजानो रेजानो आणि त्याचा भाऊ ग्राना पादानो, दोन्हींच्या नियमातच वासराचं रेनेट आहे. स्वित्झर्लंडच्या ग्रुयेरचं आणि फ्रान्सच्या कोंतेचंही तसंच. त्यामुळे 'इटलीहून आणलंय, ओरिजिनल आहे' असं कुणी म्हटलं की शाकाहारी माणसाने जास्तच सावध व्हायचं.

पण चीज सोडायचं कारण नाही. रेनेट बुरशीपासून पण मिळतं, आणि रेनेटमधलं मुख्य काम करणारं एन्झाइम, कायमोसिन, ते सूक्ष्मजीवांकडून तयार करून घ्यायची पद्धत पण आहे, 1990 साली अमेरिकेत तिला परवानगी मिळाली आणि आता जगातलं कितीतरी चीज तसंच होतं. भारतात पाकिटावर हिरवा ठिपका बघा, विषय संपला. परदेशात 'सुटेबल फॉर व्हेजिटेरियन्स' लिहिलंय का ते बघायचं, नुसतं 'रेनेट' लिहिलं असेल तर ठेवून द्यायचं.

आणि एक मला फार आवडणारी गोष्ट. पोर्तुगालमध्ये सेरा दा एश्त्रेला नावाचा डोंगर आहे, तिथलं मेंढीच्या दुधाचं चीज रेनेटने नाही, एका काटेरी झाडाच्या सुकवलेल्या फुलांनी विरजतात. जांभळी काटेरी फुलं, आर्टिचोकच्या नात्यातली. ती भिजवून ते पाणी दुधात घालतात आणि चीज इतकं मऊ होतं की वरचं झाकण कापून चमच्याने काढून पावाला लावतात. म्हणजे शेकडो वर्षांची परंपरा आणि पूर्ण शाकाहारी, कुणी ठरवून नाही केलं, डोंगरात जे उगवत होतं ते वापरलं.

नातीला सांगा पास्त्यावर हिरव्या ठिपक्याचं भारतीय कडक चीज किसून घाल, चव सत्तर टक्के येते. उरलेल्या तीस टक्क्यांची तिला चुटपुट लागेल हे खोटं कशाला बोलू, खऱ्या पार्मेजानच्या एका चाकाला साधारण 550 लिटर दूध आणि कमीत कमी 12 महिने लागतात, काहीतरी फरक पडणारच. तुमच्या सांगलीचे बेदाणे आणि भाजलेले अक्रोड मात्र त्या चीजबरोबर नुसतेच चघळायला द्या, पास्ता पण विसरेल.

प्रश्न : मे महिन्यात स्वित्झर्लंडची टूर केली. फाँड्यू (वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खातात ते) खाताना गाइड म्हणाला पाणी अजिबात पिऊ नका, पोटात चीजचा दगड होतो, वाइनच प्या. आमच्या ह्यांना बरंच झालं! पण हे खरं का? — एक वाचक, डोंबिवली

ह्यांना वाईट बातमी द्या. झुरिचच्या डॉक्टरांनी यावर चक्क प्रयोग केला होता, 2010 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. 20 जणांना फाँड्यू खायला दिलं, कुणाला बरोबर व्हाइट वाइन, कुणाला कोरा चहा, वरून कुणाला चेरीची दारू तर कुणाला पाणी. निघालं असं की दारूने पोट रिकामं व्हायला उलट जास्त वेळ लागतो. पोटात गडबड मात्र कुणालाच खास जास्त झाली नाही, ना चहावाल्यांना ना वाइनवाल्यांना. दगड-बिगड काही होत नाही.

स्विस लोक बरोबर वाइन नाहीतर गरम कोरा चहा पितात. वाइन खरं तर भांड्यातच लागते, तिच्यातल्या आंबटपणामुळे वितळलेलं चीज गुळगुळीत राहतं, नाहीतर तेल वेगळं आणि गोळा वेगळा होतो. म्हणजे न पिणाऱ्यांनी लक्षात घ्या, पातेल्यात वाइन असतेच, बऱ्याचदा चेरीची दारू पण, आणि ग्रुयेर असतं म्हणजे वरच्या आजींना पण चालणार नाही. तुम्ही खाताना बरोबर काकडीचं आणि छोट्या कांद्यांचं व्हिनेगरमधलं लोणचं दिलं होतं का? ते रॅक्लेटबरोबर देतात, उकडलेले बटाटे, वितळलेलं चीज आणि ते आंबट लोणचं, मला फाँड्यूपेक्षा तेच आवडतं. फाँड्यूच्या तळाला खरपूस चिकटलेला पापुद्रा सोडला असेल तर मात्र तुम्ही खूप काही घालवलंत, दूध आटवल्यावर पातेलं खरवडायला आपण भांडायचो ना लहानपणी, तसं तिथे त्याच्यावरून भांडतात.

प्रश्न : मला अमूलचा क्यूबच आवडतो. मित्र म्हणतात ते चीजच नाही. बोला आता. — एक वाचक, कोल्हापूर

मित्र अर्धे बरोबर आहेत. ते प्रोसेस्ड चीज, म्हणजे खरं चीज घेऊन, वितळवून, त्यात सायट्रेट किंवा फॉस्फेटसारखे क्षार घालून पुन्हा थापलेलं. ही युक्ती कुठली माहितीये? स्वित्झर्लंडचीच! 1911 साली वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर या दोघांनी काढली, लांबच्या गरम देशांत पाठवताना चीज टिकावं म्हणून. फाँड्यूमध्ये वाइनचा आंबटपणा जे काम करतो तेच इथे हे क्षार करतात. तर पुढच्या वेळी मित्र फाँड्यूचे फोटो टाकतील तेव्हा त्यांना हे ऐकवा.

आणि खरं सांगू, मुंबईच्या रस्त्यावरचं ग्रिल सँडविच, हिरवी चटणी, बटाटा, बीट, काकडी, वरून त्याने किसलेला चीजचा डोंगर, तिथे तुम्ही फ्रान्सचं महागडं काही किसलंत तर सगळा खेळ बिघडेल. चटणी इतकी तिखट-आंबट असते की चीजचं काम फक्त खारट आणि मऊ असायचं. क्यूबला काय बरोबर द्यायचं? ठेचा. तोही लसणाचा, खलबत्त्यात कुटलेला, आणि टोस्ट कडक. लिंबाचं गोड लोणचं पण घ्या, इंग्लंडमध्ये पबात प्लाउमन्स लंच मिळतो, पाव, चेडर, कांदा आणि वर गोड-आंबट काळपट लोणचं, ते लोणचं खाल्लं की मला तरी आपलं उपासाचं लिंबाचं लोणचंच आठवतं. तिथे बरोबर एल बिअर नाहीतर सायडर, इथे दुधाचा आल्याचा चहा. हो, वर मी काकूंना नको म्हटलं, इथे चालतो. क्यूब हा नाश्त्याचा गडी आहे, त्याला चहाच लागतो.

प्रश्न : आमच्याकडे नाताळाला पेराद (पेरूची वडी) करतात. ते चीजबरोबर खातात असं कुणीतरी म्हणालं. काय पितात मग? — एक वाचक, मडगाव

ज्याला इंग्रजीत सगळे 'ग्वावा चीज' म्हणतात आणि ज्यात चीजचा कणही नसतो तेच ना! खातात म्हणजे काय, ते जन्मालाच त्यासाठी आलंय. पोर्तुगालमध्ये क्विन्स नावाच्या फळाची, पेरूसारखंच घट्ट आणि तुरट फळ असतं ते, त्याची साखर घालून वडी करतात, ती मार्मेलाद. मार्मलेड हा शब्द तिथूनच आला. ती चीजबरोबर खायची. स्पेनमध्ये तीच मेंब्रियो, मांचेगोबरोबर. पोर्तुगीज ब्राझीलला गेले, तिथे पेरू मिळाला, आणि ब्राझीलमध्ये आज पेरूची वडी आणि पांढरं ताजं चीज या जोडीला चक्क रोमिओ-ज्युलिएट म्हणतात. गोव्यात वडी राहिली, चीज मात्र मागे पडलं.

तर पेरादचा पातळ काप, त्याच्यावर तेवढ्याच जाडीचा मांचेगोचा काप, मेंढीच्या दुधाचं खमंग चीज असतं ते. मांचेगो महाग पडतं, नसेल तर थोडं मुरलेलं चेडर. प्यायला पोर्ट वाइन, किंवा न पिणाऱ्यांना कोकमचं सरबत, साखर एकदम कमी घालून. फेणी नको. मी उत्साहात एकदा काजूची फेणी घेतली होती बरोबर, पुढची दहा मिनिटं मला ना चीज कळलं ना पेरू.

प्रश्न : दूध प्यायलं की पोट बिघडतं. चीज चालेल? — पुणे

मुरलेलं बहुतेकांना चालतं. दुधातली साखर, लॅक्टोज, बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते आणि उरलेली जिवाणू खाऊन टाकतात, त्यामुळे जुना गौडा, चेडर, पार्मेजानमध्ये ती जवळजवळ नसतेच. ताजं मऊ चीज, रिकोटा वगैरे जपून. दुधाची ॲलर्जी असेल तर मात्र यातलं काहीच लागू नाही, ती गोष्ट वेगळी.

प्रश्न : सून लंडनला असते, पाचवा महिना आहे. डॉक्टरने ब्री बंद केलं म्हणून रुसली आहे. थोडंसं तरी? — नागपूर

नाही हो, थोडंसं पण नाही. ब्री, कॅमेंबेर आणि मऊ निळं चीज, यांच्या ओलसरपणात लिस्टेरिया नावाचा जिवाणू वाढू शकतो, तो आईपेक्षा बाळाला जास्त धोक्याचा. पाश्चराइज्ड दुधाचं असलं तरी तिथे नकोच सांगतात. ओव्हनमध्ये वाफा येईपर्यंत गरम केलं तर चालतं, आणि चेडर, गौडा यांसारखी कडक चीजं चालतात. तिला म्हणावं यॉर्कशरचं वेन्सलीडेल आण आणि फ्रूटकेकबरोबर खा, तिकडचे लोक तसंच खातात, विचित्र वाटेल पण पहिला घास घेतल्यावर रुसवा जाईल. बाकी डॉक्टर सांगेल ते.

प्रश्न : फ्रिजमध्ये ठेवलेलं चीज एकतर वाळतं नाहीतर घामेजून बुरशी धरतं. — पुणे, कोथरूड

प्लॅस्टिकमध्ये आवळून ठेवता ना? बटर पेपरमध्ये गुंडाळा, मग सैल झाकणाच्या डब्यात, आणि डबा भाजीच्या कप्प्यात. कडक चीजवर बुरशी आली तर चहूबाजूंनी अडीच सेंटीमीटर कापून टाका, बाकीचं खा. मऊ चीजवर नको असलेली बुरशी आली तर पूर्ण टाका, हळहळू नका.

प्रश्न : नॉर्वेला आलोय, इथे तपकिरी चीज देतात वॅफलवर. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली तो पेढा आहे. कोण बरोबर? — एक वाचक, ऑस्लो

आई! ब्रूनोस्त हे नेहमीच्या अर्थाने चीजच नाही. चीज केल्यावर जे निवळ पाणी उरतं ते साय-दूध घालून तासन् तास आटवायचं, साखर करपून तपकिरी होईपर्यंत. आता आटवून करपवलेलं दूध म्हणजे आपल्याकडे काय? साताऱ्याचा कंदी पेढा. फक्त ब्रूनोस्तमध्ये मीठ आणि शेळीच्या दुधाचा किंचित वास. 2013 मध्ये तिकडे एका बोगद्यात ब्रूनोस्तच्या 27 टन मालाच्या ट्रकला आग लागली आणि ती काही दिवस विझेना, इतकी साखर आणि चरबी असते त्यात. वॅफल, स्ट्रॉबेरी जॅम, वर त्याचे पातळ काप आणि काळी कॉफी. काप त्या खाच असलेल्या उलथन्यासारख्या किसणीनेच काढा, ती 1925 साली थोर ब्यर्कलुंड नावाच्या नॉर्वेजियन सुतारानेच काढलेली. येताना एक वडी आईसाठी आणा, आणि बाजूला खरा कंदी पेढा ठेवून तिलाच ठरवू द्या.

प्रश्न : दिवाळीनंतर घरी बारा जण येतायत. चीज प्लेट लावायची आहे, काय काय ठेवू? अर्धे पिणारे, अर्धे न पिणारे. — एक वाचक, मुलुंड

तीन चीजं बस्स. एक मऊ, एक कडक, एक निळं. सात-आठ ठेवलीत तर लोक बघतात आणि चिप्स खातात. जेवण वेगळं असेल तर माणशी 50-60 ग्रॅम पुरतं. लिंबर्गरसारखं वासाचं आणू नका, त्याच्या सालीवरच्या जिवाणूची भावंडं माणसाच्या पायावर राहतात, खोटं नाही सांगत, आणि बंद फ्लॅटमध्ये पाहुण्यांना दुसरं काही सुचत नाही. परदेशात चीज तासभर आधी बाहेर काढतात पण मुंबईत अर्धा तास पुरे, नाहीतर ब्री ताटलीवरून निघून जाईल.

मऊ म्हणजे ब्री किंवा कॅमेंबेर. कॅमेंबेर नॉर्मंडीचं, तिथे सफरचंदं पिकतात म्हणून बरोबर सायडर पितात, तुम्ही न पिणाऱ्यांना सफरचंदाचा ज्यूस सोड्यात मिसळून द्या, जवळजवळ तेच काम होतं. निळ्याशेजारी मध आणि सुकं अंजीर. कडक म्हणून चेडर, त्याच्याशेजारी लिंबाचं गोड लोणचं, वाटी लहानच ठेवा नाहीतर लोक लोणचंच खातात. पिणाऱ्यांना एकच बाटली घ्यायची तर नाशिकची व्हाइट घ्या, रेड आणू नका, कुणी टोमणा मारला तर माझं नाव सांगा.

क्रॅकर्सवर पैसे घालवू नका. फराळ उरलेलाच असेल ना? शंकरपाळे खारे असतील तर ते निळ्याबरोबर, आणि भाजणीची चकली तर ब्रीमध्ये सरळ बुडवा, ओवा-तीळ आणि ते साईसारखं चीज. अनारसा मात्र लांब ठेवा, मी करून बघितलंय.